बॅटरीलाही ऊन बाधते

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावर आम्ही आरोग्य उपकेंद्राला सौर वीज बसवली तेव्हा जानेवारी महिना होता. विजेचे खांब त्या पाड्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. कामाची देखरेख माझ्याकडे होती. छपरावर पॅनेल, आत चार दिवे, एक पंखा आणि १२ व्होल्टची एक मोठी बॅटरी, एवढाच संसार. उपकेंद्राच्या दोन खोल्या. ॲसिडचा वास नको म्हणून बॅटरी मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. जागा मीच दाखवली होती. देखभालीला पाड्यावरचा एक मुलगा नेमला. महिन्यातून एकदा बूच काढून पाणी बघायचे, लागले तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे, एवढे त्याला शिकवले आणि आम्ही डोंगर उतरलो.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या मे महिन्यात निरोप आला, दिवे रात्री नऊलाच जातात. मी गेलो. नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, दिवसा सगळं लागतं. पण आमचं काम रात्रीचं." आदल्याच आठवड्यात एक बाळंतपण त्यांनी टॉर्चच्या उजेडात केले होते. टॉर्च धरायला बाईची सासू उभी होती. आई आणि बाळ दोघेही सुखरूप होते, पण ते ऐकताना मला तिथे उभे राहवेना. मी बॅटरीची बुचे उघडली. आत प्लेटा उघड्या पडलेल्या. पाणी पार खाली गेलेले. मी त्या मुलाला सर्वांदेखत बोललो. तो म्हणाला, "साहेब, दर आठ दिवसांनी पाणी घालतो. तरी पितेच ती." माझा विश्वास बसला नाही.

तो खरे बोलत होता, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कळले. शेडमध्ये थर्मामीटर टांगला तर पारा ५१ अंशांवर. बॅटरीच्या आतले ॲसिड ४७ अंश सेल्सियस. म्हणजे चूक मुलाची नव्हती. जागा निवडणाऱ्याची होती. आज जे सांगणार आहे ते त्या दुपारी मी नव्याने शिकलो.

आपण बॅटरीला डबा समजतो. वीज भरली, वीज काढली. मुळात तो डबा नव्हे. सोपी उपमा द्यायची तर ते विरजण आहे. दुधाला विरजण लावले की आत काहीतरी घडत असते आणि ते किती वेगाने घडणार हे हवा ठरवते. थंडीत पातेल्याला घोंगडी गुंडाळून उबेला ठेवावे लागते, तरी सकाळी दही लागलेले नसते. वैशाखात चार तासांत लागते आणि रात्रभर तसेच राहिले तर आंबून जाते. हुशार गृहिणी बारा महिने एकच घड्याळ लावत नाही. ऋतू पाहून वेळ आणि विरजण कमीजास्त करते. बॅटरी चार्ज करतानाही नेमके हेच करायला हवे आणि बहुतेक ठिकाणी ते केले जात नाही.

शिसे आणि ॲसिडची बॅटरी जुनी आहे. गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली तयार केली. आपल्या घरचा इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, मोटार, खेड्यातले सौर दिवे, अशा असंख्य ठिकाणी तीच काम करते. तिच्यात दोन प्रकारच्या प्लेटा असतात. एका प्लेटेवर शिशाचे ऑक्साइड, दुसरीवर भुसभुशीत शिसे, आणि दोन्ही पातळ केलेल्या गंधकाम्लात बुडवलेल्या. दिवा लावला की दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. त्यासाठी लागणारे आम्ल द्रावणातून खर्च होते, म्हणून द्रावण पातळ होत जाते. चार्ज करताना उलट घडते. सल्फेट विरघळते, आम्ल पुन्हा द्रावणात येते आणि द्रावण दाट होते. अशा एका सेलचा दाब साधारण २ व्होल्ट. सहा सेल जोडले की १२ व्होल्टची बॅटरी.

चार्ज करायचे म्हणजे १२ पेक्षा जास्त दाबाने वीज आत ढकलायची. किती जास्त? साधारण १४.४ व्होल्ट. हा आकडा बऱ्याच चार्ज कंट्रोलरमध्ये बसवलेला असतो. पण त्याच्यापुढे एक अट असते, जी माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापतात: बॅटरीचे तापमान २५ किंवा २७ अंश असताना. आपल्याकडे बॅटरीची क्षमताही २७ अंशांना मोजून लिहितात. पुण्यात पावसाळ्यात हे तापमान मिळेल. मे महिन्यात चंद्रपुरात कुठून मिळणार? पारा त्याच्या खाली किंवा वर गेला की १४.४ हा आकडा चुकीचा ठरतो.

उन्हाळ्यात काय होते ते आधी पाहू. बॅटरी बरीचशी भरत आली की ढकललेली वीज आणखी एक काम करू लागते. ती पाण्याचे विघटन करते. बुडबुडे येतात, ते हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे. थोडे बुडबुडे चांगले, त्यांनी ॲसिड ढवळले जाते. पण बॅटरी गरम असेल तर हे विघटन कमी दाबालाच जोर धरते. २७ अंशांना जो दाब पोट भरण्यापुरता, तोच ४७ अंशांना पोट फुटेपर्यंत भरवणारा. हिशेब करून बघा. एक अँपिअर-तास वीज जास्त गेली की प्रत्येक सेलमधले सुमारे एक तृतीयांश ग्रॅम पाणी उडते. सहा सेलचे मिळून दोन ग्रॅम. रोज दहा अँपिअर-तास जास्त गेले तर रोज वीस ग्रॅम आणि महिन्याला सहाशे ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी. "तरी पितेच ती," हे त्या मुलाचे वाक्य रसायनशास्त्राला धरून होते.

पाणी परत घालता येते. पण धन प्लेटेतला शिशाचा सांगाडा गंजतो, तो परत भरून येत नाही. हा गंज उष्णतेने वाढतो. स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचे समीकरण १८८९ साली मांडले. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र द्रावणांतल्या आयनांवरच्या कामासाठी. त्या समीकरणावरून बॅटरीवाल्यांनी एक ढोबळ नियम काढला आहे. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. २७ अंशांना पाच वर्षे चालणारी बॅटरी कायम ३७ अंशांना ठेवली तर अडीच वर्षे आणि कायम ४७ अंशांना ठेवली तर सव्वा वर्ष. अर्थात पारा वर्षभर तिथे नसतो, रात्री उतरतो, थंडीत उतरतो. तरीही पत्र्याखालचे तीन-चार महिने दरवर्षी आयुष्याचा मोठा लचका तोडतात.

यात फसवणारी गोष्ट अशी की गरम बॅटरी त्या दिवशी थोडी जास्तच वीज देते. क्रिया जलद होतात, दिवा जास्त वेळ चालतो. पहिल्या उन्हाळ्यात आमचे उपकेंद्र म्हणूनच झकास चालले. बॅटरी पुढच्या वर्षांचे भांडवल मोडून देत होती आणि आम्ही खूश होतो.

आणखी एक गैरसमज. मे महिन्यात ऊन कडक म्हणजे पॅनेलची वीज जास्त, असे आपल्याला वाटते. पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नव्हे. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची शक्ती तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घटते. भर दुपारी पॅनेल ७० अंशांपर्यंत तापले, तर २५ अंशांच्या मानाने जवळजवळ १८ टक्के घट. म्हणून छपराला चिकटवून न बसवता पॅनेलखाली वारा खेळू द्यावा.

आता उलट टोकाला जाऊ. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथे हिवाळ्याच्या रात्री पारा उणे २० अंशांपर्यंतही उतरतो. लेहची वीज २०१९ साली श्रीनगरहून आलेल्या वाहिनीने देशाच्या जाळ्याला जोडली गेली, पण दूरच्या वस्त्या आणि चौक्या वर्षानुवर्षे सूर्यावर आणि डिझेलवर चालत आल्या. तिथे ऊन लख्ख असते. पॅनेल थंड असल्यामुळे उत्तम चालते. अडते ते बॅटरीपाशी. थंडीत आतल्या क्रिया सुस्तावतात. शून्य अंशाला बॅटरी आपल्या क्षमतेच्या सुमारे ८० टक्केच वीज देते आणि उणे २० ला निम्म्याच्या आसपास येते. ही वीज हरवलेली नसते, ऊब आली की परत मिळते. खरा धोका चार्जिंगचा आहे. १४.४ व्होल्टचा दाब थंड बॅटरीला अपुरा पडतो. कंट्रोलर समजतो, भरली. प्रत्यक्षात ती अर्धपोटी राहते. असे रोज झाले की प्लेटांवर राहिलेले सल्फेट कडक होत जाते आणि मग कितीही दाब दिला तरी विरघळत नाही. बॅटरीचा तेवढा भाग कायमचा बाद.

त्यात गोठण्याची भर. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले दाट ॲसिड उणे ४० अंशांतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतले द्रावण मात्र पाण्याच्या जवळ गेलेले असते, ते उणे १० अंशांच्या आगेमागे गोठते. बर्फ फुगतो, प्लेटा वाकतात, डबा तडकतो. म्हणजे थंडीने अर्धपोटी ठेवलेली बॅटरी त्याच थंडीत गोठते.

यावर उपाय काय? विरजणाचाच. ऋतू पाहून दाब बदलायचा. कंपन्या सांगतात त्याप्रमाणे प्रत्येक सेलमागे दर अंशाला ३ ते ५ मिलिव्होल्ट. मधला ४ धरू. सहा सेलचे २४ मिलिव्होल्ट. बॅटरी २७ वरून ४७ अंशांवर गेली तर वीस अंशांचा फरक, वीस गुणिले २४ म्हणजे ४८० मिलिव्होल्ट, जवळजवळ अर्धा व्होल्ट. तेवढा दाब कमी करायचा. १४.४ ऐवजी १३.९. बॅटरी ७ अंशांवर उतरली तर तेवढाच वाढवायचा, १४.९. अर्धा व्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण बॅटरीचे पोट भरणे आणि जळणे यांत तेवढेच अंतर आहे. फार थंडीत हिशेबाने दाब १५ च्या वर जातो. तेव्हा बॅटरीला जोडलेल्या दिव्यांना आणि इन्व्हर्टरला तो सोसेल ना, हे पाहून वरची मर्यादा ठरवावी लागते.

हे काम माणसाने रोज करायचे नसते. चांगल्या चार्ज कंट्रोलरला तापमान ओळखणारा एक लहान मणी वायरने जोडलेला असतो. कंट्रोलर तो वाचतो आणि दाब आपोआप बदलतो. मात्र मणी बॅटरीच्या अंगाला किंवा तिच्या टर्मिनलला बांधायला हवा. मी पुष्कळ ठिकाणी तो भिंतीवर लोंबकळताना पाहिला आहे. काही कंट्रोलरमध्ये तो पेटीच्या आतच असतो. पेटी एका खोलीत, बॅटरी दुसऱ्या खोलीत. मग एकाचा ताप मोजून दुसऱ्याला औषध दिल्यासारखे होते. हवेचे तापमानही उपयोगाचे नाही. मोठ्या बॅटरीचे वजन पन्नास किलोच्या पुढे असते. ती सावकाश तापते आणि सावकाश निवते. संध्याकाळी हवा गार झाली तरी तिचे अंग गरमच असते.

देखभाल करणाऱ्यांसाठी इथे एक महत्त्वाची सूचना. ॲसिडची घनता आपण हायड्रोमीटरने मोजतो. उष्णतेने ॲसिड प्रसरण पावते, म्हणून वाचन खोटे कमी दिसते, दर अंशाला सुमारे ०.०००७. ४७ अंशांना १.२२६ दिसले तर ते २७ अंशांच्या हिशेबाने १.२४० असते, म्हणजे ठीक. हे ठाऊक नसल्यामुळे काही जण उन्हाळ्यात ॲसिड ओततात. हे कधीही करू नये. उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. वर ॲसिड घातले की द्रावण दाट होऊन प्लेटा लवकर खाते. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतके पाणी आधी घालून मग चार्ज करावे.

पाणी न लागणाऱ्या सीलबंद बॅटऱ्यांना हा नियम जास्तच कडक लागू आहे. त्यांत तयार झालेला वायू आतच पुन्हा पाणी बनतो आणि त्यातून उष्णता निघते. आधीच गरम बॅटरीला जास्त दाब मिळाला तर ती आणखी तापते, तापल्यावर आणखी वीज ओढते. हे चक्र सुरू झाले की बॅटरी फुगते आणि तिला पाणी घालून वाचवायची सोयही नसते.

आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. सौर संचांत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटच्या. त्या हलक्या, पाणी मागत नाहीत, जास्त वर्षे टिकतात. पण तापमानाचे बंधन त्यांनाही आहे, फक्त वेगळे. शून्य अंशाखाली त्यांतून वीज काढता येते, पण भरू नये. थंडीत लिथियमला ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ लागतो आणि ते धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचते. ते नुकसान परत भरून येत नाही. म्हणून बॅटरीतले नियंत्रक सर्किट शून्याखाली चार्जिंग तोडते. उष्णतेत साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे अनेक सेलच्या माहितीपत्रकांत लिहिलेले असते. आणि एक खबरदारी: जुन्या ॲसिड बॅटरीच्या जागी लिथियम बसवली तर कंट्रोलरमधली तापमानानुसार दाब बदलण्याची सोय बंद करायची. तिला ती लागत नाही. थंडीत वाढवलेला दाब तिला घातकच ठरतो.

त्या पाड्यावर आम्ही पुढे काय केले ते सांगतो. बॅटरी शेडमधून काढली आणि उपकेंद्राच्या उत्तरेकडच्या खोलीत, मातीच्या जाड भिंतीशी, सागाच्या लाकडी चौकटीत ठेवली. चौकटीला झाकण आणि वरून एक पाइप थेट बाहेर. हायड्रोजन हवेहून हलका, तो वर जातो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगीने पेट घेतो, त्यामुळे वाट वरूनच काढावी आणि जवळ चिमणी, उदबत्ती, विडी काही नको. पुष्कळ लोक म्हणतात, बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते. फार पूर्वी लाकडी आणि रबरी डबे होते तेव्हाची ही समजूत आहे. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला गार फरशीचे भय नाही. उलट आपल्या उन्हाळ्यात ती बरीच. कंट्रोलर बदलून मणीवाला घेतला, मणी बॅटरीच्या अंगाला चिकटपट्टीने बांधला. जुनी बॅटरी वाचली नाही. नवीसाठी निम्मे पैसे आम्ही घातले, निम्मे पाड्याने वर्गणी काढून दिले. ज्यांच्या हाती रोख पैसा महिनोन्महिने येत नाही अशा घरांनी दिलेले ते पैसे होते. चुकीच्या जागेची किंमत आम्हीच पूर्ण भरायला हवी होती, असे मला आजही वाटते.

पुढच्या मे महिन्यात खोलीतला पारा ३५ च्या वर गेला नाही. पाणी दर आठवड्याऐवजी दीड महिन्याने लागू लागले. ती बॅटरी सहा उन्हाळे चालली. त्या मुलाची मी माफी मागितली, तीही सर्वांदेखत. तो नुसता हसला आणि म्हणाला, "आता तिला सावली मिळाली, साहेब."

हे सगळे डोंगरातल्या पाड्यापुरते आहे असे समजू नका. शहरात घरोघरी इन्व्हर्टर आहेत. त्यांच्या बॅटऱ्या कुठे असतात? पश्चिमेच्या गॅलरीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, जिन्याखाली कोंदट जागी फ्रिजला टेकून. दोन-तीन वर्षांत बॅटरी गेली की आपण कंपनीला आणि दुकानदाराला बोल लावतो. त्याआधी एक करा. या मे महिन्यात दुपारी बॅटरीच्या प्लास्टिकच्या अंगाला, टर्मिनलला न शिवता, हाताचा तळवा लावा. आपले अंग ३७ अंशांचे. बॅटरी त्याहून गरम लागली तर तिला ताप आहे असे समजा. तिला सावलीत, वाऱ्यात हलवा, दोन बॅटऱ्यांत चार बोटांची फट ठेवा, पाणी बघा आणि इन्व्हर्टरला तापमानाची सोय आहे का ते दुकानदाराला विचारा. हे काम अर्ध्या तासाचे आहे. आणि बॅटरीची देखभाल दुसरे कोणी करत असेल, तर त्याला बोल लावण्याआधी एकदा स्वतः थर्मामीटर लावून पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)